क्रिप्टो डाइस: नवख्यांसाठी आकडेमोड, पडताळणी आणि डावपेचांचा हिशोब

क्रिप्टो डाइस हा क्रिप्टो चलन लावून खेळायचा ऑनलाइन जुगार आहे, पण त्यात फासा नसतो. पडद्यावर ०.०० ते ९९.९९ अशी एक पट्टी असते. तुम्ही तिच्यावर एक खूण ठरवता, रक्कम भरता आणि बटण दाबता. साइट एक आकडा काढते. तो खुणेच्या खाली आला (किंवा 'वर' निवडलं असेल तर वर आला) की पैसे मिळतात, नाही तर जातात. खेळ एवढाच असल्यामुळे त्याचं गणित शाळेतल्या संभाव्यतेने पुरतं सोडवता येतं, आणि म्हणूनच टेलिग्रामवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक 'हमखास' पद्धतीची परीक्षा घरबसल्या घेता येते.

या खेळाचा धंदा किती मोठा आहे याचा अंदाज एका व्यवहारावरून येतो. एरिक वूरहीस या बिटकॉइन उद्योजकाने एप्रिल २०१२ मध्ये सातोशीडाइस ही डाइसची साइट सुरू केली. ठरावीक पत्त्यावर बिटकॉइन पाठवायचे, ० ते ६५,५३५ मधला एक आकडा निघायचा, जिंकलात तर पैसे परत पाठवले जायचे. जुलै २०१३ मध्ये ही साइट १,२६,३१५ बिटकॉइनला विकली गेली. ही किंमत उभी होती ती प्रत्येक डावामागे साइटकडे राहणाऱ्या दोन टक्क्यांच्या आसपासच्या हिश्श्यावर. नंतर आलेल्या जस्ट-डाइस, प्राइमडाइस वगैरे साइटींनी तो हिस्सा १ टक्क्यावर आणला. पुढची सगळी आकडेमोड त्या १ टक्क्याचीच आहे.

आधी कायदा

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा फरक तो करत नाही. पैशात बदलता येणारी नाणी आणि टोकनही त्याच्या व्याख्येत येतात, त्यामुळे 'आम्ही रुपये घेतच नाही' ही पळवाट चालत नाही. शिक्षेचा रोख खेळ पुरवणाऱ्यांवर, जाहिरात करणाऱ्यांवर आणि पैशांची ने-आण करून देणाऱ्यांवर आहे. म्हणजे रेफरल लिंक शेअर करून कमिशन घेणारा माणूस खेळणाऱ्यापेक्षा जास्त अडचणीत येऊ शकतो. महाराष्ट्रात याशिवाय १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. गोव्यातल्या कॅसिनोंचे परवाने पंचतारांकित हॉटेलं आणि जहाजांपुरते आहेत, मोबाइलवरच्या डाइसला ते लागू होत नाहीत.

म्हणून या लेखातले प्रयोग स्प्रेडशीटवर करायचे आहेत. रुपयांचे आकडे केवळ हिशोब डोळ्यांपुढे राहावा म्हणून दिले आहेत.

पायरी १: पडदा वाचायला शिका

पडद्यावर चार चौकटी असतात: डावाची रक्कम, मल्टिप्लायर, जिंकण्याची शक्यता आणि जिंकल्यास नफा. मधल्या दोन एकमेकींना बांधलेल्या असतात. सूत्र असं:

मल्टिप्लायर = ९९ ÷ जिंकण्याची टक्केवारी

४९.५ टक्क्यांना २ पट, ३३ टक्क्यांना ३ पट, ९.९ टक्क्यांना १० पट, ९८ टक्क्यांना १.०१०२ पट, आणि ०.०१ टक्क्याला ९,९०० पट. सूत्रात ९९ च्या जागी १०० असते तर खेळ बरोबरीचा झाला असता. कमी केलेला तो एक म्हणजे साइटचा हिस्सा, ज्याला हाऊस एज म्हणतात.

हा हिस्सा पट्टीवर बोट ठेवून दाखवता येतो. २ पट मिळवण्यासाठी 'खाली' निवडलंत तर आकडा ४९.५० पेक्षा कमी यायला हवा, 'वर' निवडलंत तर ५०.४९ पेक्षा जास्त. आता ४९.५० ते ५०.४९ हा पट्टा पाहा. पट्टीवरच्या १०,००० आकड्यांपैकी या पट्ट्यात १०० आकडे आहेत, आणि ते आले की खाली खेळणाराही हरतो आणि वर खेळणाराही हरतो. साइटची सगळी कमाई या शंभर आकड्यांतून येते. तुम्ही खाली-वर आलटून पालटून खेळा, एकाच बाजूला चिकटून राहा किंवा 'आता वरचा नंबर यायलाच हवा' म्हणून बाजू बदला, हा पट्टा जागचा हलत नाही.

पायरी २: टक्का कशावर लागतो ते समजून घ्या

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. '१ टक्का म्हणजे हजार रुपये भरले तर दहा रुपये जातील' असं वाटतं. टक्का भरलेल्या रकमेवर लागत नाही, तो लावलेल्या रकमेवर लागतो. तेच हजार रुपये फिरून फिरून शंभर वेळा डावावर लागले तर एक लाखाची उलाढाल झाली, आणि तिचा १ टक्का म्हणजे अख्खे हजार रुपये.

ऑटोबेट (आपोआप एकामागोमाग डाव लावणारी सोय) चालू केल्यावर सेकंदाला दोन डाव पडतात असं धरू. तासाला ७,२०० डाव. दर डावाला १० रुपये म्हणजे ७२,००० रुपयांची उलाढाल आणि सरासरी ७२० रुपयांचा तोटा. एका शून्याच्या रूलेटमध्ये हाऊस एज २.७ टक्के, म्हणजे डाइसच्या जवळजवळ तिप्पट असतो. पण टेबलावर तासाला ४० फेऱ्या धरल्या तर दहा-दहा रुपयांच्या डावांवर तासाचा सरासरी तोटा ११ रुपयांच्याही आतच राहतो. 'सगळ्यात कमी हाऊस एज' ही जाहिरात खरी असूनही खेळ महाग पडतो तो या वेगामुळे. आमच्या मते नवख्याने हाऊस एजच्याही आधी पाहायची गोष्ट म्हणजे डावांचा वेग.

सरासरीभोवती चढउतार असतात. ४९.५ टक्क्यांच्या डावात ते मोजायला सोपे आहेत: डावांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि डावाच्या रकमेने गुणा. वरच्या उदाहरणात ७,२०० चं वर्गमूळ सुमारे ८५, म्हणजे ८५० रुपये. खिशात पुरेसे पैसे असतील तर तीनपैकी दोन वेळा तासाचा निकाल साधारण १,५७० रुपये तोटा ते १३० रुपये नफा यांच्या मध्ये पडेल. सुमारे पाचातला एक जण तासाअखेर नफ्यात असेल. स्क्रीनशॉट टाकतो तो हाच पाचवा.

डाव वाढत गेले की हा पाचवाही उरत नाही. सारख्या रकमेने खेळल्यास १,००० डावांनंतर नफ्यात असण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के असते, १०,००० डावांनंतर १६ टक्के, आणि एक लाख डावांनंतर ०.१ टक्क्याच्याही आत. कारण तोटा डावांच्या संख्येइतका वाढतो, चढउतार मात्र तिच्या वर्गमुळाइतकेच वाढतात. पूर्ण लेखातून एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

पायरी ३: निकाल खरा आहे का ते स्वतः तपासा

या साइटी 'प्रोव्हेबली फेअर', म्हणजे निकाल खरा असल्याचं तपासून सिद्ध करता येईल अशा, असल्याचं सांगतात. यंत्रणा खरोखर चांगली आहे, फक्त ती वापरावी लागते. तिचे तीन भाग आहेत. सर्व्हर सीड हा साइटचा गुप्त मजकूर असतो. त्याचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्या मजकुरापासून गणिताने काढलेला ठशासारखा कोड, साइट तुम्हाला आधीच दाखवते. हॅशवरून मूळ मजकूर काढता येत नाही, पण मजकुरात एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो, त्यामुळे साइट नंतर शब्द फिरवू शकत नाही. क्लायंट सीड तुमचा असतो आणि तो तुम्ही बदलू शकता. नॉन्स म्हणजे त्या सीडच्या जोडीवरचा डावाचा अनुक्रमांक.

जुन्या, रुळलेल्या पद्धतीत एचएमएसी-एसएचए-५१२ या प्रक्रियेत सर्व्हर सीड किल्ली म्हणून आणि 'क्लायंट सीड-नॉन्स' हा संदेश म्हणून देतात. त्यातून १२८ षोडशमान अंक (० ते ९ आणि a ते f) निघतात. त्यांतले पहिले पाच घ्यायचे. समजा ते ७२९०५ असे आले. त्यांचं दशमान रूपांतर असं होतं: ७ × ६५,५३६, अधिक २ × ४,०९६, अधिक ९ × २५६, अधिक ० × १६, अधिक ५. बेरीज ४,६९,२५३. शेवटचे चार अंक घ्या, ९२५३, आणि १०० ने भागा. रोल ९२.५३.

पाच अंकांची किंमत ९,९९,९९९ पेक्षा जास्त आली तर ते पाच सोडून पुढचे पाच घेतात. कारण पाच षोडशमान अंकांतून १०,४८,५७६ संख्या होतात आणि त्यांना १०,००० ने पूर्ण भाग जात नाही. वरच्या उरलेल्या संख्या तशाच वापरल्या तर ०.०० ते ८५.७५ मधले आकडे किंचित जास्त वेळा येतील. ही काळजी न घेणाऱ्या साइटवर बाकीच्या गोष्टीही तपासून पाहाव्यात. काही साइटी एसएचए-२५६ वापरतात आणि वेगळ्या रीतीने आकडा काढतात, म्हणून साइटचं सूत्र आधी वाचा.

पडताळणीचा क्रम महत्त्वाचा आहे:

१. आधी नव्या सर्व्हर सीडचा हॅश पाहा आणि कॉपी करून बाहेर जतन करा.
२. त्यानंतर क्लायंट सीड स्वतः टाइप करून बदला. तुमचा सीड साइटला आधीच माहीत असेल तर ती सोयीचा सर्व्हर सीड निवडू शकते.
३. काही डाव झाले की सीड बदला. जुना सर्व्हर सीड तेव्हाच उघड होतो.
४. उघड झालेल्या सीडचा हॅश काढून जतन केलेल्या हॅशशी जुळवा.
५. दोन-चार डावांचे आकडे स्वतः काढून पाहा. त्याच साइटच्या 'व्हेरिफाय' पानावर काढू नका, साइटशी संबंध नसलेल्या साधनावर काढा.
६. नॉन्स सलग आहेत का ते पाहा. १४ नंतर थेट १६ आला तर १५ क्रमांकाचा निकाल साइटने गिळला, आणि तो बहुधा तुमच्या फायद्याचा होता.

या सगळ्यातून सिद्ध काय होतं? आकडा मागाहून बदलला नाही, एवढंच. जिंकलेले पैसे मिळतील का, खातं गोठवलं जाईल का, साइट उद्या उघडेल का, यातलं काहीही हॅश सांगत नाही. आणि यंत्रणा शंभर टक्के खरी असली तरी मधल्या त्या शंभर आकड्यांचा पट्टा तिथेच असतो.

पायरी ४: मार्टिंगेल

हरलात की रक्कम दुप्पट, जिंकलात की पुन्हा पहिल्या रकमेवर. सगळ्या 'स्ट्रॅटेजी' व्हिडिओंच्या तळाशी हीच पद्धत असते, म्हणून तिच्यावर वेळ घालवणं योग्य.

१ रुपयापासून सुरुवात केली तर दहा सलग हारींची बेरीज होते १,०२३ रुपये. म्हणजे १,०२३ रुपयांत दहा पायऱ्या परवडतात. सलग दहा हरण्याची शक्यता ०.५०५ चा दहावा घात, साधारण ९२७ मध्ये १. एक विजय किंवा दहा सलग हारी होईपर्यंतच्या डावांना एक फेरी म्हणू: ९२७ पैकी ९२६ फेऱ्यांत १ रुपया मिळतो आणि एका फेरीत १,०२३ जातात. गुणाकार करून पाहा: सरासरीने दर फेरीला साडेदहा पैसे तोटा. तो येतो कुठून? एका फेरीत सरासरी १०.४६ रुपये डावावर लागतात, आणि त्यांचा १ टक्का म्हणजे तेवढेच साडेदहा पैसे. पायऱ्या कितीही चढवल्या तरी साइटला उलाढालीचा टक्का मिळतोच.

'९२७ मध्ये एक म्हणजे दुर्मीळ' असं वाटत असेल तर ऑटोबेटचा वेग आठवा. पहिली दहा हारींची मालिका येईपर्यंत सरासरी १,८७० डाव लागतात. सेकंदाला दोन डावांनी ते सोळा मिनिटांत होतात. फक्त १,००० डाव खेळले तरी अशी मालिका दिसण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के आहे.

याहून बोलकी तुलना पुढे आहे. १,०२३ रुपयांचे दुप्पट करायचे आहेत. एक मार्ग असा की सगळे एकाच डावावर लावायचे: शक्यता ४९.५ टक्के. दुसरा मार्ग म्हणजे मार्टिंगेलने रुपया रुपया जमवायचा: त्यासाठी १,०२३ फेऱ्या एकदाही न बुडता पार पडायला हव्यात, आणि त्याची शक्यता साधारण ३३ टक्के. सावकाश, 'सुरक्षित' वाटणारा मार्ग जास्त बुडवतो, कारण त्यात पैसे जास्त वेळा त्या पट्ट्यावरून जातात. एकदम सगळे लावा असा सल्ला यातून कुणी काढू नये. पद्धत सुरक्षिततेच्या नावाखाली काय विकते, ते यातून दिसतं.

ऑटोबेटच्या चौकटी भरतानाच्या चुका वेगळ्याच महाग पडतात. 'हरल्यावर वाढवा' या चौकटीत दुप्पट करण्यासाठी १०० टक्के लिहायचं असतं. अनेक जण २०० लिहितात. त्याने रक्कम तिप्पट होते आणि दहा हारींत १,०२३ ऐवजी २९,५२४ रुपये लागतात. तोट्याची मर्यादाही बहुतेक ठिकाणी डाव झाल्यावर तपासली जाते. मर्यादा १,००० ठेवली, ५११ गेलेले आहेत, पुढचा डाव ५१२ चा, तो हरल्यावर थांबेल १,०२३ वर. आणि 'जिंकल्यावर मूळ रकमेवर या' हा पर्याय बंद राहिला तर पहिल्या विजयानंतरही मोठीच रक्कम लागत राहते.

पायरी ५: बाकीच्या पद्धती, थोडक्यात

फिबोनाचीत हरल्यावर १, १, २, ३, ५, ८ अशी रक्कम वाढते. दहा हारींत १४३ रुपयेच जातात, पण अकरावा ८९ चा डाव जिंकूनही ५४ रुपयांचा तोटा उरतो. द'आलंबेअरमध्ये हरल्यावर एक रुपया वाढवतात, जिंकल्यावर एक कमी करतात. हारी आणि विजय समान झाले की ती फायद्यात असते. अडचण हीच की दर हजार डावांत सरासरी ५०५ हारी आणि ४९५ विजय येतात.

पारोली उलटी: जिंकल्यावर दुप्पट, तीन विजयांनंतर थांबायचं. तिन्ही जिंकण्याची शक्यता १२.१३ टक्के, मिळतात ८ पट. गुणाकार ९७ पैसे. एका रुपयावर तीन पैसे गेले, कारण तो रुपया जवळपास तीनदा डावावर लागला. तरी शिकण्यासाठी ही पद्धत मार्टिंगेलपेक्षा बरी आहे, हरण्याची कमाल रक्कम आधीच ठरलेली असते.

मोठ्या मल्टिप्लायरची पद्धत सध्या जास्त फिरते: १० पटीवर खेळा, हरल्यावर १२ टक्के वाढवा. वाढ ११.१ टक्क्यांच्या वर असल्याने एक विजय मागचं सगळं भरून काढतो, हे खरं. पण १ रुपयापासून सलग ६० हारी आल्या तर ७,४७० रुपये गेलेले असतात, आणि तसं ५२१ फेऱ्यांत एकदा होतं. ९.९ टक्क्यांच्या डावात ६० हारी सलग येणं डोळ्याला अशक्य वाटतं, म्हणून ही पद्धत खपते.

९८ टक्क्यांचा डाव नवख्याला सगळ्यात सुरक्षित वाटतो. एक हार भरून काढायला ९८ विजय लागतात, आणि ते सलग मिळण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या जवळ आहे.

पायरी ६: स्प्रेडशीटवर पद्धत चालवून पाहा

पहिल्या स्तंभात यादृच्छिक संख्येचं फंक्शन वापरून ० ते १०० मधला आकडा काढा. दुसऱ्यात डावाची रक्कम: पहिली ओळ १, त्याखाली 'आधीचा डाव हरला तर दुप्पट, नाही तर १'. तिसऱ्यात निकाल: आकडा ४९.५ पेक्षा कमी असेल तर अधिक रक्कम, नाही तर उणे रक्कम. चौथ्यात चालू शिल्लक, सुरुवात १,०२३. पाचव्यात लावलेल्या रकमांची बेरीज. सूत्रं ५,००० ओळींपर्यंत ओढा आणि शिल्लकीचा आलेख काढा.

शिल्लक पुढच्या डावापेक्षा कमी झाली की खेळ संपला, ही अट दुसऱ्या स्तंभात घालायला विसरू नका. ती नसेल तर शीट उधारीवर खेळत राहते आणि मार्टिंगेल जिंकल्यासारखी दिसते. विकल्या जाणाऱ्या कित्येक बॉटच्या 'बॅकटेस्ट'मध्ये (पद्धत आकड्यांवर चालवून घेतलेल्या चाचणीत) नेमकी हीच अट गायब असते. शीट पुन्हा पुन्हा चालवा, सगळ्या वेळांचा तोटा एकत्र करा आणि त्याला सगळ्या वेळांच्या एकूण उलाढालीने (पाचव्या स्तंभातल्या शेवटच्या आकड्यांच्या बेरजेने) भागा. वेळा जसजशा वाढतील तसतसा हा भागाकार १ टक्क्याकडे सरकेल. मग दुसरा स्तंभ बदलून कुठलीही पद्धत घाला आणि तेच पुन्हा करा.

पायरी ७: बोनस, बॉट आणि कर

बोनसची अट उलाढालीत बदलून वाचा. १,००० रुपयांच्या बोनसवर ४० पट उलाढाल म्हणजे ४०,०००, त्याचा १ टक्का ४०० रुपये. इथवर ठीक दिसतं. पण बारीक अक्षरांत 'डाइसची १० टक्केच उलाढाल धरली जाईल' असं असेल तर उलाढाल चार लाख आणि सरासरी तोटा ४,००० होतो. रेकबॅकचंही तसंच: हाऊस एजचे १० टक्के परत म्हणजे १ चा ०.९ झाला.

सीड ओळखणारं सॉफ्टवेअर, 'प्रेडिक्टर', ब्राउझरच्या कन्सोलमध्ये चिकटवायचा कोड, यांतलं काहीही काम करत नाही. कन्सोलमध्ये चिकटवलेला कोड तुमचं खातं रिकामं करू शकतो. 'पैसे काढण्याआधी कर किंवा पडताळणी फी भरा' असं साइट म्हणाली तर एक रुपयाही आणखी भरू नका. संभाषण आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीचा उपयोग जास्त होतो.

करात ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दर आहे. मिळालेलं क्रिप्टो पुढे विकताना झालेल्या नफ्यावर पुन्हा ३० टक्के आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस. क्रिप्टोतला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. उणे सरासरीच्या खेळात जिंकलेल्या वेळचे ३० टक्के गेले की गणित आणखी उणे होतं, हे शीटमध्ये सहावा स्तंभ घालून पाहता येईल.

घरातलं कुणी हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळतं आहे, कर्ज लपवतं आहे किंवा रात्र रात्र ऑटोबेट लावून बसतं आहे असं दिसलं तर त्याला शक्यता समजावत बसू नका. त्या टप्प्यावर आकडे ऐकू येत नाहीत. आधी वॉलेट आणि यूपीआयची मर्यादा त्याच्या संमतीने कमी करा, ब्राउझरमध्ये साइट बंद करा, आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.